गुंडावरची कोंबडी

आमच्या घरमालकीणबाईंसमोर साक्षात देव उभा राहिला असता, तरी त्यांनी आधी त्याच्या हातातला कमंडलू मागून घेतला असता, उलटा करून पाहिला असता आणि विचारलं असतं, "नाव कोनाचं हाय यावर?"

हे मी हवेत बोलत नाही. शेजारच्या सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सांगत होते, सगळे हात जोडून बसलेले, आणि काकूंनी पुढे सरकून गुरुजींसमोरचं पंचपात्र उचललं. बुडाशी काही लिहिलंय का ते बघायला त्यांनी ते कलतं केलं आणि आतलं पाणी गुरुजींच्या धोतरावर. गुरुजी दचकून उठले. काकूंनी पंचपात्र जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोरं हाय." जणू काही पूजा माझ्याच शंकेसाठी थांबवली होती!

यवतमाळच्या एका कॉलेजात मला मराठी शिकवायची नोकरी लागली, तीही तासिका तत्त्वावर. मी नाशिककडची. खोली शोधत मी काकूंच्या दारात उभी राहिले. बाकीच्या घरमालकांनी मला आडनाव विचारलं होतं, कोण कोण येणार-जाणार ते विचारलं होतं. काकूंनी माझा चष्मा पाहिला.

"जवळचं दिसते का दूरचं?"

"दोन्ही दिसतं."

"बारीक?"

त्या आत गेल्या आणि एक काळाकुट्ट पितळी गडवा घेऊन आल्या. आमच्याकडे त्याला तांब्या म्हणतात. "वाच."

मी तो उजेडात धरला. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांची झिजलेली अक्षरं होती. 'चि. सुधाकर यांस मामाकडून.' मी वाचून दाखवलं.

"खोली तुही," काकू म्हणाल्या. "रईवारी सकाळी कुठी जायचं नाई. माह्यासंगं यायचं."

म्हणजे मला भाडेकरू म्हणून नव्हे, चष्मा म्हणून ठेवून घेतलं होतं. काकूंचे डोळे अधू झाले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "करतो ना. आधी एक काम होऊ दे." ते काम कोणतं, हे मला पहिल्या रविवारी कळलं नाही, पण दुसऱ्या रविवारी कळलं. काकूंच्या पोटात काही राहायचं नाही.

रविवारी सकाळी आमच्या घरापासून जवळच रस्त्याच्या कडेला जुन्या सामानाचा बाजार लागायचा. किल्ल्या नसलेली कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या, आवाज गेलेले ट्रान्झिस्टर, सायकलच्या घंट्या, वातीचे स्टोव्ह, आणि कुणाच्या तरी देवघरातून निघालेल्या तसबिरी. काकू तिथे जाताना पातळावर दिवंगत काकांचा फुलशर्ट घालायच्या आणि पायात कापडी बूट. खांद्याला पिशवी. पिशवीत चिंचेचा गोळा, फडकं आणि दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक. भांड्याला चुंबक चिकटलं म्हणजे ते पितळ नाही, खेळ खलास. नाही चिकटलं तर चिंचेनं गळ्याखालची जागा घासायची, फडक्यानं पुसायची आणि मग माझी पाळी. "वाच वं, मॅडम."

भंगारवाले चाचा दुरूनच ओरडायचे, "अम्मा, आज नामवाला माल आया है!" कारण काकू नावाशिवाय भांडं घेतच नसत. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, बारशाला भांडं देतात ते नाव घालून देतात. कुणी कुणाला दिलं, सगळं त्यावर. पुढे स्टीलचं वेड आलं, मग प्लास्टिकचं, आणि ही नावं मोडीत निघाली. लोक सोनं मोडताना चार वेळा विचार करतात. मामानं दिलेला गडवा मोडताना मात्र कुणी त्यावरचं वाचतसुद्धा नाही.

काकू वाचायला लावत, विकत घेत आणि नंतर सरळ त्या माणसाचं घर शोधून भांडं परत नेऊन देत. त्यांचं एकच म्हणणं होतं, "ज्याचं नाव त्याचं भांडं. यात समजून काय घ्याचं हाय?"

घर सापडायचं कसं, असं मीही विचारलं होतं. काकूंना त्यात काही अवघड वाटत नव्हतं. अर्धा जिल्हा त्यांच्या नात्यात होता आणि उरलेल्या अर्ध्याला त्या बसमध्ये भेटलेल्या होत्या. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हापासून त्यांनी जिल्ह्याचा एकही तालुका सोडला नव्हता. पुण्यातला मुलगा फोनवर वैतागायचा, "आई, या वयात भंगार घेऊन काय फिरतेस?" काकू म्हणायच्या, "तू मॉलमध्ये फिरतो, मी इचारलं का कायले फिरतो म्हून?" आणि फोन ठेवून द्यायच्या.

सगळीकडे स्वागत व्हायचं असं मात्र नाही. एकदा गावातल्याच एका दुमजली घरी आम्ही मोठी परात घेऊन गेलो. परातीवर त्या घरच्या म्हाताऱ्याचं नाव होतं. सुनेनं दार उघडलं, परात पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.

"अवं, हे आम्हीच विकलं होतं. परत कायले आनलं?"

"विकलं तं विकलं," काकू म्हणाल्या. "पन सासऱ्याचं नाव कायले विकलं? खरडून काढायचं होतं आधी."

आतून म्हातारा "कोण आहे?" म्हणत येत होता. सुनेनं परात झटकन घेतली आणि दिवाणाखाली सरकवली. काकू ढिम्म उभ्या. "भाऊ, तुमची परात दिवाणाखाली हाय," असं मोठ्यानं सांगूनच त्या पायऱ्या उतरल्या. पुढे महिनाभर ती सून आम्हाला पाहिलं की रस्ता बदलायची. काकूंना त्याचं फार बरं वाटे.

आणि एकदा झरी जामणीच्या बाजूला, जंगलातल्या एका वस्तीत, आम्ही वाटेत एक बस आणि एक ऑटो बदलून गेलो. सोबत तोच पहिल्या दिवशीचा गडवा. सुधाकरराव आता सत्तरीचे, वनखात्यातून निवृत्त. त्यांनी नाव वाचलं, आत जाऊन गडवा घासला, पाणी भरलं आणि आमच्यासमोर उभ्यानं पिऊन टाकलं. मग म्हणाले, "मामा जाऊन वीस वर्षं झाली." काकू परतीच्या वाटेवर इतक्या खुशीत होत्या की कंडक्टरलाही त्यांनी तो किस्सा सांगितला. पुढच्या स्टॉपला चढलेल्या बाईला पुन्हा सांगितला. तेव्हा कंडक्टरनंच मधले तपशील दुरुस्त केले.

आता ते काम. दुसऱ्या रविवारी बाजारातून परतताना रसवंतीवर बसून काकूंनी मला सांगितलं.

"माह्या बाबांनी लग्नात मले गुंड देला."

मी दचकले. आमच्याकडे गुंड म्हणजे मारामाऱ्या करणारा.

"पान्याचा गुंड वं! पितळेचा. एवढा." त्यांनी दोन्ही हातांनी मोठा, पोटाळ आकार दाखवला. "कासाराच्या दुकानात बाबा सोता उभे राह्यले आन नाव टाकून घेतलं. 'चि. सौ. कां. वेणू हिस बाबांकडून.' म्हने, बाजूले मोर काढ. त्या कासारानं काढली कोंबडी!"

"कोंबडी का?"

"त्याले मोर येत नसंन. आता पितळेवरचं पुसते का ते? मी हसून हसून लोटपोट. बाबा म्हने, मोरच हाय, नीट पाह्य."

मग लग्न झालं. लग्नातच परातीत तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर दुसरं नाव लिहिलं. त्या दिवसापासून काकूंचं नाव बदललं. ते सासरचं नाव मी इथे देत नाही, कारण ते त्यांना कधी अंगाला लागलंच नाही. बँकेत त्या नावानं पुकारलं तर काकू समोर बसून छताकडे बघत राहायच्या. दवाखान्यात त्यांचा नंबर निघून जायचा. शेजारणीनं कोपर ढोसलं की भानावर यायच्या आणि ओ देण्याऐवजी म्हणायच्या, "काय हाय?" लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. मला आधी वाटलं होतं, कानांनी कमी ऐकू येतं. कान ठणठणीत होते.

"गुंड होता तवर ठीक होतं," काकू म्हणाल्या. "पानी भरता भरता नाव दिसे. मंग मी एकदा माहेरी गेलती, आन इकडे सासूबाईनं तो मोडीत देला. आली तं त्या जागी स्टीलचे डबे. एकात एक बसनारे. सासूबाई खुश. मी रडली तं म्हने, पान्याच्या भांड्यासाठी कोनी रडते का?"

तोवर त्यांचे बाबा गेले होते. पुढे आई गेली, भाऊ गेले. वेणू म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. तेव्हापासून काकू तो गुंड शोधत होत्या. दुसऱ्यांची भांडी घरपोच करणं हे त्याच शोधातून सुरू झालेलं. मी लोकांची परत करते, तर माझा कुणी करणार नाही का, असा त्यांचा रोकडा हिशेब.

मी शहाणपणा केलाच. "काकू, तो केव्हाच वितळवला असेल."

"वितळला असंन तं वितळला असंन," त्या उसाच्या रसाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाल्या. "आन नसंन वितळला तं?"

मी त्या बाईंना तिथेच जीव लावून बसले.

काकूंनी मला कॉलेजातही कामाला लावलं होतं. "पोट्ट्यायले इचारत जा, घरी जुनं पितळ हाय का म्हून. शिकवनं तं रोजचंच हाय." मी विचारायची. मुलं हसायची. कुणी आजीचं घंघाळ सांगायचं, कुणी देवाची घंटा. दिवाळीनंतर मला दुसऱ्या वर्षाचा नवा वर्ग मिळाला. हजेरी घेताना मी एका नावाशी अडखळले. वेणू. मागच्या बाकावरून "हजर, मॅडम" आलं. आजच्या वर्गात हे नाव! आजूबाजूला सगळ्या श्रुती आणि साक्षी बसलेल्या.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. महागावजवळच्या तांड्यावरची बंजारा मुलगी, इथे होस्टेलला राहणारी.

"नाव छान आहे तुझं. कुणी ठेवलं?"

"याडीनं, मॅडम. आईनं. घरी गुंड हाय ना, त्यावर लिहेल होतं म्हून."

मी खडू खाली ठेवला. "त्या गुंडावर आणखी काय आहे?"

ती थोडी लाजली. "कोंबडी हाय, मॅडम."

मला इतकं हसू आलं, की ती मुलगी घाबरली. आणि हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा तर ती आणखीच घाबरली. मी तिला एवढंच सांगितलं की माझ्या घरमालकीणबाईंना जुनी भांडी पाहायची फार हौस आहे आणि आम्ही रविवारी येतो.

घरी काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे टोपल्यात टाकले. मग म्हणाल्या, "महागावची सकाळची एसटी किती वाजता हाय?"

त्या रविवारी काकूंनी शर्ट घातला नाही. पेटीतली ठेवणीतली साडी नेसल्या. सोबत चाचांकडून घेतलेला एक कोरा गुंड होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बिननावाचं भांडं घेतलं होतं. "त्यायचा गुंड घेऊन जायचा, तं बदल्यात देऊ ना काही. फुकट कायले घ्या?" बसमध्ये तो त्यांनी मांडीवर धरला होता. वाटेत एकदाही त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

तांड्यावर वेणू रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. तिची आई दारातच उभी. "आवो, बेसो," म्हणून तिनं सतरंजी टाकली. काकू बसल्याच नाहीत. घरात कोपऱ्यात चुंबळीवर गुंड होता, पाण्यानं भरलेला, वर झाकण. काकू सरळ त्याच्यासमोर जाऊन बसल्या. मी वाचायला पुढे झाले, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. एका बोटानं त्या गळ्याखालची अक्षरं चाचपत गेल्या. शेवटी बोट थांबलं.

"मोर हाय," त्या म्हणाल्या.

"आजी, कोंबडी हाय ते," वेणू म्हणाली.

"मोर हाय. नीट पाह्य."

वेणूच्या आईनं चहा ठेवला आणि स्वतःहून सांगू लागली. तिला वाटलं, या बाई गुंड विकत मागायला आल्या आहेत, म्हणून तिनं आधीच सगळं स्पष्ट केलं. जत्रेत घेतला होता, जुन्या भांड्यांच्या दुकानावर. तेव्हा ही पोटात होती.

"मले वाचता येत नाई. दुकानदाराले म्हनलं, काय लिहेल हाय? तो म्हने, वेणू नावाच्या पोरीले तिच्या बापानं देला. म्हनलं, बाप पोरीसाठी एवढा मोठा गुंड नाव टाकून देते, तं ते पोरगी किती लाडाची असंन! आपल्याले पोरगी झाली तं हेच नाव. अन हिच्या लग्नात हाच गुंड. नाव टाकाचं बी काम नाई." ती हसली. "हे लहान होती तवा रोज इचारे, याडी, ते गुंडवाली वेणू आता कुठी असंन? मी सांगो, असंन कुठीतरी सुखात."

काकूंचं बोट अजून त्या मोरावरच होतं.

"सुखात हाय," त्या म्हणाल्या.

"तुमी ओळखता तिले?"

"मीच ते पोरगी."

वेणूची आई उठली. गुंडातलं पाणी तिनं बादलीत ओतलं, पदरानं तो आतून-बाहेरून पुसला आणि काकूंच्या पुढ्यात ठेवला. "न्या, बाई. तुमचा हाय. तुमच्या बाबानं देला." तिचा आवाज नीट होता. पण तिची मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिला रडू आवरत नव्हतं.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. अधू डोळ्यांना किती दिसलं कोण जाणे.

"नाव काय वं तुह्यं?"

"वेणू," ती कशीबशी म्हणाली.

"मंग?" काकूंनी गुंड तिच्याकडे सरकवला. "ज्याचं नाव त्याचं भांडं."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं, इतके रविवार, आणि आता हातात आलेला! मी म्हटलं, "काकू, अहो, पण नाव तुमचं आहे."

"माहं कुठी हाय? माहं तं तांदळावर बदललं. हिचं हाय. कॉलेजात हजेरी होते त्या नावानं." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "माह्या बाबांनी जे लिहिलं ते आता खरं झालं. मोडीत जाऊन बी वाचलं. आन तू रडून नको राहू, पोरी. लग्नात मले बलावजो. गुंड पाहाले येईन."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडले मी. काकूंनी चहा प्यायला, बशीतला, सावकाश. चहा गोड झालाय असंही सांगितलं.

आणलेला कोरा गुंड तसाच कडेवर घेऊन काकू निघाल्या. मी मागे, वेणू आमच्यासोबत. तांडा संपून रस्ता दिसायला लागला होता. आजूबाजूला तूर उभी होती आणि कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. मागून वेणूच्या आईचा आवाज आला, लांबवर जाईल असा, हात तोंडाशी धरून मारलेला.

"वेणूऽऽ!"

"ओऽऽ!"

ही ओ वेणूनं दिली नव्हती. तिचं तोंड नुकतं उघडतच होतं. पुढे चालणाऱ्या काकू जागीच वळल्या होत्या, कडेवरचा गुंड सांभाळत, मान उंच करून. बँकेत छताकडे बघत बसणाऱ्या बाईंचा तो आवाज नव्हता. परसातून घराकडे धावत येणाऱ्या मुलीचा होता. स्वतःच्याच आवाजानं त्या दचकल्या.

वेणूची आई पदरात तुरीच्या शेंगा घेऊन धापा टाकत आली. आलेलं भांडं रिकामं कसं पाठवायचं, म्हणून मुलीला हाक मारत होती. तिनं आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आपल्या मुलीकडे पाहिलं आणि काय झालं ते तिला कळलं. तिनं काकूंच्या गुंडात शेंगा ओतल्या.

"तुमालेच बलावून राह्यली होती," ती म्हणाली.

"मंग मीच तं ओ देली," काकू म्हणाल्या.